तिकीट नसलेली पत्रं

पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या सभागृहात गेल्या शनिवार-रविवारी जुनी नाणी, टपाल तिकिटं, नोटा आणि असल्याच वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. प्रदर्शन म्हणायचं ते शिष्टाचार म्हणून. खरं तर तो बाजारच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या-केळ्यांच्या जागी राजेराण्यांचे मुखवटे मांडले तर जसं दिसेल तसं. शनिवारी कचेरीला सुट्टी, त्यामुळे मी काखेत माझा शाळेतला तिकिटांचा अल्बम घेऊन सकाळी दहालाच हजर झालो.

ही संस्थाही मोठी गंमतशीर. १८७१ साली ती 'इन्स्टिट्यूट वास्को द गामा' म्हणून स्थापन झाली. प्रवेशद्वाराशी निळ्या-पांढऱ्या फरशांवर वास्कोच्या सफरीची कामोंइशच्या महाकाव्यातली चित्रं अजून आहेत, आणि नाव मात्र पोर्तुगीज सत्तेला लेखणीने झोडपणाऱ्या मिनेझिस ब्रागांझांचं! गोव्याचा इतिहास असाच आहे. जुनं कोणी पुसत नाही, त्यावर नवं नाव छापतात. हे वाक्य लक्षात ठेवा, तिकिटांच्या टेबलाशी पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आत शिरल्या शिरल्या गर्दी दिसली ती कार्डांच्या टेबलाशी. शाळकरी मुलं, क्रिकेटपटूंची नि पोकेमॉनची कार्डं. एकेक कार्ड जाड प्लास्टिकच्या डबीत बंद, वर गुण लिहिलेले. एक बारा वर्षांचा पोरगा भिंग लावून कार्डाचा कोपरा तपासत होता आणि 'कोपरा बसलाय, नऊसुद्धा मिळणार नाहीत' असं आपल्या बापाला सांगत होता. आम्ही बबलगमबरोबर येणारे क्रिकेटपटूंचे फोटो खिशात कोंबून शाळेत न्यायचो आणि घामाने भिजवून परत आणायचो. या पोराने मला तिथे उभंही केलं नसतं.

नाण्यांची टेबलं दोन रांगा भरून होती. बहुतेक व्यापारी मुंबई, पुणे, कोलकात्याचे. पण गोव्याचा माल प्रत्येकाकडे होता. आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर लगेच नाणी पाडायला सुरुवात केली. परक्या मुलखात पाय रोवल्याची ती द्वाहीच होती. पुढे इथे शेराफिम चालला. नाव पोर्तुगीज वाटतं, पण ती आपली अशरफीच, लिस्बनच्या जिभेवर वळलेली. एका शेराफिमचे पाच तांग, आणि दोन शेराफिमांचा एक रुपया. म्हणजे राज्य त्यांचं, तरी हिशेब आमच्याच बाजाराच्या बोलीत करावा लागला. टपाल कचेरीजवळ टांकसाळीची जुनी वास्तू अजून उभी आहे. आपण रोज तिच्यावरून जातो आणि मान वर करून बघत नाही.

मी जास्त वेळ थांबलो ते १८८१ आणि १८८२ च्या रुपयांपाशी. एका बाजूला पोर्तुगालचा राजा लुईश पहिला, नाव त्याचं, चिन्हं त्याची. पण नाणं पाडलेलं कोलकात्याला, इंग्रजांच्या टांकसाळीत! १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्याने मुरगावची रेल्वे आली, जकातीची सरहद्द गेली आणि गोव्याचा रुपया इंग्रजी रुपयाच्या तोलाचा झाला, सोळा तांगांचा. याच तहाने गोव्याचं मीठ मात्र इंग्रजांच्या मुठीत गेलं. मिठागरांवर जगणाऱ्यांची त्यात काय दशा झाली, हे त्या गुळगुळीत चांदीवर कुठे दिसत नाही. १८९२ मध्ये तह संपला. नाणी उरली, आणि आता चकचकीत प्लास्टिकच्या पाकिटातून त्यांची घासाघीस चालते.

नोटांच्या टेबलाशी १९५९ च्या एश्कुदोच्या नोटा होत्या, वर आल्बुकेर्कची दाढी. रुपया-तांग जाऊन सहा एश्कुदोंचा एक रुपया असा हिशेब आला, तो जेमतेम तीन वर्षं टिकला. नोटा काढणारी बांको नासियोनाल उल्त्रामारिनु म्हणजे ज्या बँकेने गोवेकरांचं तारण ठेवलेलं सोनं १९६१ च्या डिसेंबरात लिस्बनला हलवलं तीच. ते सोनं परत यायला १९९१ उजाडलं. नोट कोरी करकरीत होती. मी खाली ठेवली.

आता तिकिटं. पोर्तुगीज हिंदुस्थानचं पहिलं टपाल तिकीट निघालं १ ऑक्टोबर १८७१ रोजी. इथेच छापलेलं, ओबडधोबड. मधे किंमतीचा आकडा, भोवती लंबगोल पट्टीत अक्षरं, बस्स. राजा नाही, चित्र नाही. मला ही तिकिटं फार आवडतात. एखाद्या तालुक्याच्या कचेरीतला शिक्का वाटतो. १८७७ पासून पोर्तुगालच्या धर्तीची मुकुटाची नीटनेटकी तिकिटं आली, आणि १८८१ मध्ये वर सांगितलेला नवा हिशेब आला. आता हजारो जुनी तिकिटं शिल्लक, किंमती जुन्या रैशांतल्या. काय केलं? त्यांच्यावरच नव्या किंमती छापल्या. त्या छापण्याचे इतके प्रकार झाले की संग्राहक आजही मोजतात आणि भांडतात. जुनं पुसायचं नाही, वर नवं छापायचं!

मी माझा अल्बम एका म्हाताऱ्या गोंयकार संग्राहकापुढे उघडला. ते विकायला नव्हे, बघायला आलेले. १९३१ ची फ्रान्सिस झेवियरची मालिका, १९४६ चे ऐतिहासिक पुरुष, १९५६ चे व्हाइसरॉय अशी पानं उलटत त्यांनी विचारलं, मिळाली कुठे?

मिळाली म्हणजे, कापली. आमच्या डिचोलीच्या घरी माळ्यावर एक पेटी होती. आजोबांचे थोरले भाऊ मडगावला एका पेढीवर लिहिणावळीला होते. ते दर पंधरवड्याला घरी पत्र पाठवत, वीस-पंचवीस वर्षं. मी दहा वर्षांचा असताना, मे महिन्याच्या सुट्टीत, ती सगळी पाकिटं खाली आणली, कात्रीने तिकिटाचे चौकोन कापले, कोमट पाण्यात सोडले, आणि उरलेला कागद पत्रांसकट न्हाणीच्या चुलीत घातला. आजी शेजारीच होती. पत्रं मोडीत. मोडी वाचणारं घरात कोणी उरलं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "सगळी कापलीस?"

म्हातारबांनी अल्बम मिटला. "हें कितें केलें रे तुवें?"

रागावले नाहीत. मला शेजारच्या टेबलाकडे घेऊन गेले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, याला कव्हरं दाखव. कव्हर म्हणजे अख्खं पाकीट, तिकीट-शिक्का-पत्ता सगळं जागच्या जागी. त्यात एक डिसेंबर १९६१ चं होतं. मुक्ती १९ ला झाली. भारतीय तिकिटं २९ डिसेंबरपासून वापरात आली आणि जुनी पोर्तुगीज तिकिटं ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालवून घेतली. मधल्या त्या काही दिवसांत काही पाकिटांवर दोन्ही सरकारांची तिकिटं शेजारी शेजारी बसली. शिक्के तर पोर्तुगीज काळातलेच मे १९६२ पर्यंत चालले. नवं सरकार आलं, पण नवा शिक्का यायला पाच महिने लागले. मी सरकारी कारकून आहे. मला यात तिळमात्र नवल वाटलं नाही. किंमत विचारली आणि पाकीट दोन्ही हातांनी परत ठेवलं.

दुसरं एक पाकीट मळकट होतं, तिकीट साधं, कोणालाही नको असलेलं. पत्ता बाळबोध मराठीत, काळ्या शाईने, 'रा. रा.' पासून 'मु. पो.' पर्यंत साग्रसंगीत. आणि त्याच्यावर, तांबड्या शाईत, वेगळ्या हाताने, गावाचं नाव रोमन लिपीत लिहिलेलं. टपाल कचेरीतल्या कोणा कारकुनाने.

त्या तांबड्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. तिकिटावर नाणं-नोटेइतकाच दिमाख असतो, पण पोर्तुगीज हिंदुस्थानच्या तिकिटावर आमच्या लिपीचं एक अक्षर नाही. आमची लिपी तिकिटाच्या बाहेर होती, पाकिटावर. दोहोंच्या मधे तो कारकून. त्याला मराठी वाचता येत होतं आणि ते साहेबाला कळेल असं लिहिता येत होतं. दिवसातून किती पाकिटांवर त्याने तांबडी शाई चालवली असेल! त्याला ते काम कंटाळवाणं वाटत असणार, यात मला शंका नाही. मी कापलेल्या पाकिटांवरही अशा ओळी असतील. मी बघितल्याच नाहीत. माझं लक्ष उजव्या कोपऱ्यात होतं.

"आतलं पत्र?" मी व्यापाऱ्याला विचारलं.

"पत्र कोण ठेवतो साहेब? अल्बमची जाडी वाढते."

तीनशे रुपये सांगितले, अडीचशेला दिलं. माझ्या अख्ख्या अल्बमचे तो दीड हजार द्यायला तयार होता, मी दिला नाही. म्हातारबांबरोबर खाली येऊन चहा घेतला. त्यांनी विचारलं, त्या पेटीतलं काहीच उरलं नाही? मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात आठवलं. काही पत्रं टपालाने आलीच नव्हती. मडगावहून कोणी गावकडे यायला निघालं की काका त्याच्या हाती चिठ्ठी देत. दोऱ्याने बांधलेलं असं एक पुडकं पेटीच्या तळाशी होतं. त्यांवर तिकीट नव्हतं, म्हणून मी त्यांना हात लावला नव्हता.

घर आता बंद असतं. किल्ली चुलतभावाकडे आहे. येत्या शनिवारी डिचोलीला जाऊन माळ्यावर चढणार आहे, वाळवीने ठेवलं असेल तर. म्हातारबा म्हणाले, मोडी वाचणारा एक जण त्यांच्या ओळखीत आहे, फोंड्याला असतो, पण त्याचीही नजर आता मंदावलीय, तेव्हा पावसाळ्याची वाट बघू नकोस.