बॉक्सरचे हात, पाण्यातलं सोनं

मुरलीकांत पेटकर हे नाव 2024 च्या ‘चंदू चॅम्पियन’ या सिनेमामुळे तुमच्या कानावर आलं असेल. ‘काय जिद्द!’ म्हणून आपण थांबतो. पण नुसत्या जिद्दीवर हे घडलं असतं का?

पेटकर 1944 चे, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. ईएमई, म्हणजे लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात ते जवान होते. नाव झालं बॉक्सिंगमध्ये. टोकियोत भरलेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत ते पोहोचले. मग 1965 चं युद्ध. गोळ्या लागल्या, मणक्याला इजा झाली, कमरेखालची हालचाल गेली. बॉक्सिंग तिथेच संपलं.

आता थोडं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धात अशी इजा झालेले बहुतेक सैनिक फार दिवस जगत नसत. जीव जायचा तो सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने. 1944 मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी हे चित्र बदलायला घेतलं. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, हा साधा नियम. आणि खेळ हा उपचाराचाच भाग. 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, तिथे 16 जखमी माजी सैनिक तिरंदाजीत उतरले. पॅरालिंपिकचं मूळ ते.

पेटकरही उपचार म्हणूनच पाण्यात उतरले. पाण्यात शरीराचा भार प्लावक बल पेलतं, पाय टेकावे लागत नाहीत. उरतात खांदे आणि हात, आणि बॉक्सरकडे ते असतातच! 1968 मध्ये ते तेल अवीवच्या पॅरालिंपिकला टेबल टेनिस खेळले. 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत: सुवर्णपदक आणि विश्वविक्रम. हा वेग ताशी 4.8 किलोमीटर, म्हणजे आपल्या झपझप चालण्याइतका.

अभिनव बिंद्राचं ऑलिंपिक सुवर्ण आलं 2008 मध्ये, त्यानंतर 36 वर्षांनी. पेटकरांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये.

जिद्द त्यांची होतीच. पण सगळं श्रेय तिलाच दिलं, तर मणक्याची इजा झालेल्या आजच्या माणसालाही आपण फक्त ‘जिद्द ठेव’ एवढंच सांगू. त्याला आधी हवी आहेत कूस बदलून देणारी माणसं, फिजिओथेरपी आणि व्हीलचेअर थेट काठापर्यंत नेता येईल असा तलाव.