माठातला वाळा आणि गावच्या वाटेवरची दरड

उन्हाळ्यात लालबागच्या बाजारात वाळ्याच्या जुड्या येतात. एक जुडी माठात टाकली की पाण्याला छान वास येतो. याच वाळ्याचा गणपतीत गावी जायच्या वाटेशी काय संबंध, ते आज सांगायचंय. पोस्ट थोडी लांब आहे, पण करी रोडला ज्याचं गाव कोकणात नाही असं घर शोधावं लागेल, म्हणून वाचाच.

गिरण्यांसाठी आपली आजोबा-पणजोबांची पिढी इथे आली. गावी जायची ती आधी बोटीने, मग एसटीने. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि चाकरमान्यांचे हाल कमी झाले.

पण रेल्वे आणायची म्हणजे डोंगर कापणं आलं. कोकणात बऱ्याच ठिकाणी वर जांभा आणि त्याखाली मऊ माती. पाणी जांभ्यातून झिरपतं, खालची माती ढिली होते आणि वरचा भार घसरतो. न कापलेल्या उतारावर गवत, कारवी, करवंद, कुडा, ऐन, किंजळ अशी दाटी असते. कापलेला कडा मात्र उघडा.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ मुंबईकडे येणारी हॉलिडे स्पेशल रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली. पन्नासच्या वर माणसं गेली. वर्षही झालं नाही तोच, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर धडकून घसरली. पुन्हा जीव गेले.

यातून रेल्वे शिकली. कापलेले उतार कमी उभे केले, जाळ्या ठोकल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी केला, गस्त वाढवली. आणि उतारांवर वाळाही लावला.

वाळाच का? त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, तीन मीटर किंवा त्याहून खोल. रांगेत लावला की दाट कुंपण होतं. वाहतं पाणी अडतं, माती मागे साचते. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी तो बांधावर पिढ्यान् पिढ्या लावत आले. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या शेतीतज्ज्ञांनी त्याचा प्रचार सुरू केला आणि आपलं गवत जगभरच्या रस्त्यांच्या उतारांवर गेलं.

तरी नुसता वाळा लावून भागत नाही. गवत पावसाचा मार झेलतं आणि वरची माती धरतं. निरगुडी, करवंदासारखी झुडपं त्याच्या खालचा थर बांधतात, झाडांची मुळं आणखी खाली शिरतात. एकच जात लावली आणि ती रोगाने किंवा वणव्याने गेली, तर उतार पुन्हा उघडा. शिवाय खोलवरून सरकणारा डोंगर कुठलंही झाड थांबवत नाही. तिथे उतार कमी करणं आणि पाण्याला वाट देणं हाच उपाय.

आता आपला महामार्ग बघा. चिपळूणचा परशुराम घाट चौपदरीकरणासाठी कापला. २०२२च्या उन्हाळ्यात कामासाठी तो रोज काही तास बंद ठेवला, आणि त्याच पावसाळ्यात दरडींमुळे वाहतूक थांबवावी लागली. रेल्वेने माणसं गमावून जो धडा घेतला, तो शेजारच्याच रस्त्याला पुन्हा तसाच शिकवायचा का?

माझं म्हणणं साधं आहे. डोंगर कापायच्या ठेक्यातच पाण्याचे चर आणि स्थानिक गवत-झुडपं-झाडांची मिश्र लागवड धरा. आणि बिल रोपं लावली त्या दिवशी काढू नका. दोन पावसाळ्यांनंतर किती जगली ते मोजून काढा.

यंदा गावी गेलात की घाटातला कापलेला उतार नीट बघा. हिरवा आहे की लाल, ते ग्रामसभेत सांगा, आमदारांनाही विचारा. मतदान इथे असो की गावाला, त्या दरडीखालून जाणार आपणच आहोत.