मागच्या बाकावरचे सर

स्मरणिकेसाठी लिही असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे आले ते आपले गणिताचे सर. बाईंचा भूमितीचा तास ऐकायला ते वही घेऊन आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले होते. आपण फिदीफिदी हसलो होतो. आता मी कंपनीत नव्या मुलांना शिकवते. गेल्या वर्षी त्यांच्यातली एक म्हणाली, "मॅडम, तुम्ही फार भरभर जाता." दोन दिवस मी घुश्शातच होते. त्याच सुमारास अनुताई वाघ यांच्याविषयी वाचत होते.

१९४५ साली अनुताई ३५ वर्षांच्या होत्या. बालविधवा, नोकरी करत रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवून मुरलेल्या. बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाई मोडक भेटल्या आणि अनुताई त्यांच्या हाताखाली बालशिक्षण शिकायला बोर्डीला गेल्या. ताराबाईंचेही असेच झाले होते. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य, म्हणजे शिक्षिका घडवणाऱ्या! ते पद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर काम करायला गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. वकिलाकडून शिकायला प्राचार्यबाईंना कमीपणा वाटला नाही, हे मला फार आवडते.

बोर्डीत या दोघींना शिकवले ते मुलांनी. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांची साधने झाली. वस्तीतली मुले बालवाडीत नेमाने येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आज गावोगावी ऐकू येणारा 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात भरू लागली, ती कुरणशाळा. रिकामी हजेरी म्हणजे आपल्या पद्धतीवरचा शेरा, असे त्यांनी धरले. (आमच्या धंद्यात प्रोग्रॅम अडला की आधी वापरणाऱ्याला दोष देतात, मीही दिला आहे.) अनुताई बी.ए. झाल्या त्या पन्नाशी उलटल्यावर.

त्या मुलीला मी शेवटी माझ्या पुढच्या सत्रात मागे बसवले, कुठे घाई होते ते टिपायला. तिने दोन पाने भरली. वाचताना कान गरम झाले, पण तिसऱ्या ओळीपासून पटू लागले.

सर मेळाव्याला येणार आहेत. त्या वहीत त्यांनी काय लिहिले होते, ते मला विचारायचे आहे.