सोरा अडवला तर बंदूक थांबेल?

बंदुका मोजत बसण्यापेक्षा दारूचे घटकच अडवले तर? हा विचार जुनाच आहे. जुन्या बंदुकीच्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा. कोळसा कोण अडवणार? अडवायचा तर सोराच.

१८६१ साली हे खरंच घडलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. उत्तरेच्या सरकारसाठी लॅमॉट ड्यूपाँ लंडनला गुपचूप सोरा खरेदी करायला गेला. तो सोरा बहुतेक आपल्या बिहारचा, नोनिया लोकांनी खारी माती खरवडून काढलेला. तेवढ्यात 'ट्रेंट' या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेच्या दोन दूतांना उत्तरेच्या आरमाराने पकडून नेलं. इंग्लंडने सोऱ्याची निर्यात बंद केली. दूत सुटले, मगच १८६२च्या जानेवारीत बंदी उठली.

बंदी चालली, कारण सोरा एकाच मुठीत होता. १९१४ नंतर इंग्लंडने जर्मनीचा चिलीहून येणारा सोरा असाच तोडला. पण हवेतल्या नत्रापासून अमोनिया करायचा हाबर-बॉश यांचा कारखाना १९१३लाच सुरू झाला होता. युद्ध चार वर्षं चाललं.

आपल्या शेतातला युरियाही त्याच अमोनियाचा. मग अडवायचं काय, शेतकऱ्याचं खत? मोठ्या स्फोटांच्या भीतीने अमोनियम नायट्रेटवर आपल्याकडे २०१२चे नियम आहेत, ते योग्यच. पण काडतुसाला दारू लागते चिमूटभर. तिथे परवाना आणि काडतुसांचा हिशेबच कामाचा. हवा काही कोणाच्या मुठीत मावत नाही.