हम (ध्वनियंत्रणा)

घरगुती ध्वनियंत्रणेच्या स्पीकरमधून वीजपुरवठ्यामुळे सतत ऐकू येणाऱ्या खालच्या पट्टीतील आवाजास हम म्हणतात. याच मूळाच्या, पण भुंग्यासारख्या कर्कश आवाजास बझ असे म्हटले जाते. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असल्याने हमची वारंवारता मुख्यतः ५० किंवा १०० हर्ट्झ असते. अमेरिकेत ती ६० किंवा १२० हर्ट्झ असते. तंबोऱ्याचा खर्जही याच पट्ट्यात येत असल्याने संथ आलापीत हा दोष विशेष जाणवतो.

कारणे

ॲम्प्लिफायर व त्याला जोडलेली उपकरणे एकाहून अधिक मार्गांनी अर्थिंगला जोडली गेल्यास तारांचे बंद वलय तयार होते व त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो. केबल टीव्हीची तार हा असा दुसरा मार्ग ठरू शकतो. ॲम्प्लिफायरमधील जुने फिल्टर कपॅसिटर निकामी झाल्यास १०० हर्ट्झचा हम येतो. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर व दिव्यांचे डिमर यांमुळे बझ उद्भवतो.

निदान

आवाजाचे बटण फिरवल्यावर हम कमी-जास्त झाल्यास दोष बहुधा जोडलेल्या उपकरणांत किंवा तारांत असतो. तो तसाच राहिल्यास ॲम्प्लिफायरच्या पुढील भागात किंवा वीजपुरवठा विभागात असण्याची शक्यता असते. एकेक उपकरणाची तार काढून पाहिल्यास दोषाचे स्थान कळते. तार काढण्यापूर्वी यंत्रणा बंद करावी.

उपाय

सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवावीत. ध्वनीच्या तारा विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्यात. त्या ओलांडणे अपरिहार्य असल्यास काटकोनात ओलांडाव्यात. रेकॉर्ड प्लेअरची अर्थची तार ॲम्प्लिफायरला जोडावी. वलय तरीही राहिल्यास ध्वनीच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवतात.

सुरक्षितता

तीन पिनी प्लगची अर्थची पिन काढल्यास हम थांबू शकतो. परंतु हा उपाय प्राणघातक ठरू शकतो. उपकरणात बिघाड होऊन धातूच्या पेटीत वीज उतरल्यास तिला जमिनीकडे जाण्यास सुरक्षित मार्ग उरत नाही. हीच पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब व जाड असते, त्यामुळे ती सर्वांत आधी जोडली जाते. अर्थिंगचा उपयोग जमिनीतील ओलाव्यावरही अवलंबून असतो. प्रवरेकाठच्या बेलापूरसारख्या गावांत उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते व अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून मीठ व कोळसा घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यानंतरही भार साठून राहत असल्याने ॲम्प्लिफायर जाणकाराकडूनच उघडून घ्यावा.