इतवाऱ्यापलीकडचे पाणी

तापी ही सूर्यकन्या. तिच्या काठच्या बऱ्हाणपुरात एका पेठेने रविवारचेच नाव, इतवारा, धारण करावे हा योग मनोहर खराच. शहर मागे टाकले की प्रवाशास केळीच्या बागा व कपाशीची काळी शेते लागतात, उत्तरेस सातपुडा.

१६१५ साली आलेला इंग्रज वकील टॉमस रो यास येथे बहुतेक मातीची घरेच दिसली. १६४१ मध्ये येऊन गेलेल्या फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्नियेने मात्र येथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते असे लिहून ठेविले. परंतु या शहराचे खरे वैभव भूमीच्या पोटात आहे. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी, भुयारांनी जोडलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांतून, कोणत्याही यंत्राविना केवळ उताराच्या बळावर शहरात येई. हाच कुंडी भंडारा. दोहेकार रहीम, म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान, याच्या अमदानीतील हे काम. त्याचेही साल १६१५च सांगतात.

आता भुयारांत चुन्याची पुटे चढत आहेत. वर केळीची तहान मोठी. जी बाग शेतकऱ्याचे घर चालविते तिला बोल कसा लावावा? तरीही प्रत्येक नवी कूपनलिका त्याच मुरलेल्या पाण्याची वाटेकरी होते.