पार्ट ओरिजिनल, पण गाडीचा नाही

आमच्या गावच्या गॅरेजात १९६७ ची फियाट डिलाइट दोन वर्षं उभी आहे. इंजिन बांधून झालंय, पत्र्याचं कामही झालंय. अडलंय ते पुढच्या जाळीवाचून आणि फियाटच्या एका बिल्ल्यावाचून. गाडी माझ्या मामांची. मामा गेले, गाडी मामेभावाकडे आली आणि पार्ट शोधायचं काम माझ्याकडे. पत्रकाराच्या सगळीकडे ओळखी असतात, असा नातेवाइकांचा समज!

परवा मुंबईत ऑपेरा हाऊसपासून कुर्ल्याच्या भंगारापर्यंत पालथं घातलं. एकाने जाळी काढून दिली. म्हणाला, ‘ओरिजिनल आहे साहेब.’ खोटं नव्हतं. पण ती नंतरच्या पद्मिनीची होती. असं का होतं, ते समजायला जरा मागे जावं लागेल.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातली ती गोलमटोल फियाट ११०० म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, सुटे भाग इथे बनवायचा कार्यक्रम असेल त्यांनीच थांबावं. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली आणि हळूहळू गाडीचे भाग इथेच बनू लागले.

१९६४ मध्ये डिलाइट आली. सत्तरच्या दशकात फियाटचं नाव जाऊन तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट, मग १९७४ मध्ये पद्मिनी झाली. सांगाडा तोच, १०८९ सीसीचं इंजिन तेच. बदलत गेलं ते वरवरचं, जाळी नि बिल्ले. म्हणून पद्मिनीचा पार्ट डिलाइटला बसतो, पण तो तिचा नसतो.

मग इटलीहून मागवावा? तर तिकडची ११०० डी होती १२२१ सीसीची. इंजिनाचे भाग जुळतीलच असं नाही. आणि बाहेरचे जुळले, तरी कुर्ल्यात बनलेल्या गाडीला इटलीचा पार्ट अस्सल कसा म्हणायचा?

हा नुसता हौशी लोकांचा वाद नाही, मंडळी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, मोठे फेरफार नकोत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. नियम चांगलाच आहे. पण त्याच वर्षी जुन्या गाड्या भंगारात काढायचं धोरणही आलं. एका हाताने सरकार म्हणतं मूळ रूप जपा, दुसऱ्या हाताने ज्यातून मूळ पार्ट निघायचे त्या गाड्या मोडीत.

३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून हद्दपार झाली. वीस वर्षांची मुदत संपली होती. आपण हळहळलो, फोटो टाकले. पण त्या टॅक्स्यांसोबत दरवाजे, काचा, स्टीअरिंगखालचे गिअरचे दांडेही गेले, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

अनुदान वगैरे मागत नाही. एवढंच म्हणतो की गाडी चेपण्याआधी कामाचे पार्ट वेगळे काढा, कुठल्या मॉडेलचे, कुठल्या सालचे ते लिहून ठेवा. कारखान्याची पार्ट-कॅटलॉग पुस्तकं कुठे पडली असतील, तर स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली करा. मिस्त्री म्हणतात, ‘नंबर कळला तर निम्मं काम झालं.’ हे मिस्त्री सत्तरीचे आहेत. त्यांच्या डोक्यातला कॅटलॉग कुणीच उतरवून घेतलेला नाही. पुढच्या रविवारी वही घेऊन मी त्यांच्याकडे बसणार आहे.

तुमच्या गावात एखादं बंद पडलेलं स्पेअर पार्टचं दुकान असेल. माळ्यावरची खोकी रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. आणि डिलाइटची जाळी दिसलीच, तर मला कळवा.